अंगठ्याचा अर्थ कोण लावणार?

मोबाइलवरच्या एकाच चिन्हाचे दोन देशांतील न्यायालयांनी दोन वेगळे अर्थ लावले आणि दोन्ही पटण्याजोगे होते. कारण न्यायाधीशांनी चिन्हाइतकेच त्याच्या आजूबाजूलाही पाहिले. अर्थ लावण्याचे हे काम आता झपाट्याने यंत्रांकडे जात आहे. मराठीत ते कितपत जमेल आणि चुकले तर कोणाला भोगावे लागेल?

कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात मार्च २०२१ मध्ये धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीच्या प्रतिनिधीने जवस खरेदीच्या कराराचा फोटो एका शेतकऱ्याला मोबाइलवर पाठवला आणि कराराला दुजोरा द्यावा, असे खाली लिहिले. शेतकऱ्याने उत्तरादाखल उंचावलेला अंगठा पाठवला. नोव्हेंबर उजाडला, पण जवस काही पोहोचले नाही. दरम्यान भाव बराच चढला होता. कंपनी न्यायालयात गेली. फोटो मिळाला एवढेच आपल्याला सांगायचे होते, करार मान्य आहे असे नव्हे, असा शेतकऱ्याचा बचाव होता. जून २०२३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला, अंगठा म्हणजे संमती ठरवली आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरण्याचा आदेश दिला. डिसेंबर २०२४ मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला.

दुसरे प्रकरण आपल्याकडचे. मेघालयात एका अधिकाऱ्याच्या हत्येसंबंधीचा संदेश व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. त्यावर रेल्वे सुरक्षा दलातील एका जवानाने असाच अंगठा टाकला. त्याने हत्येचे समर्थन केले असे मानून त्याला सेवेतून काढण्यात आले. संदेश पाहिला, एवढाच त्या अंगठ्याचा अर्थ होता, हे त्याचे म्हणणे मद्रास उच्च न्यायालयाने मान्य केले आणि २०२४ मध्ये खंडपीठाने त्याला सेवेत परत घेण्याचा आदेश कायम ठेवला.

म्हणजे एके ठिकाणी अंगठा म्हणजे सही आणि दुसऱ्या ठिकाणी अंगठा म्हणजे नुसती पोच. हे निकाल परस्परविरोधी नाहीत. कॅनडातील न्यायालयाने त्या दोघांचे आधीचे व्यवहार तपासले. पूर्वीही कंपनी असाच फोटो पाठवी, शेतकरी एखाद्या शब्दात होकार कळवी आणि माल वेळेवर पोहोचवी. त्या रिवाजात अंगठा बसवला, की तो होकार ठरतो. जवानाच्या बाबतीत असा कुठलाही रिवाज नव्हता.

अर्थ शब्दात का मावत नाही?

हा प्रश्न मोबाइलइतका नवा नाही. संस्कृत व्याकरणपरंपरेत 'सैंधव आण' हे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या दिले जाते. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंध देशातला घोडाही. धनी जेवायला बसला असेल तर मीठ आणायचे, प्रवासाला निघाला असेल तर घोडा. ताटाशी घोडा उभा करणाऱ्या सेवकाला व्याकरण येत नाही असे नाही, त्याला प्रसंग कळत नाही. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या गोष्टींची यादीच दिली आहे. तीत प्रकरण, साहचर्य, औचित्य, देश, काल आणि स्वर, म्हणजे उच्चारातला चढउतारही आहे. काव्यशास्त्रात 'सूर्य मावळला' या वाक्यावर असाच काथ्याकूट झाला. गुराख्याला त्यातून गुरे वळव असे ऐकू येते आणि पूजेला बसणाऱ्याला संध्येची वेळ झाली असे. युरोपात मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की यांनी हीच बाब १९२३ मध्ये मांडली. ट्रोब्रियांड बेटांवरील लोकांचे बोलणे त्यांच्या कामाच्या प्रसंगापासून तोडून अनुवादित करता येत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

आपल्या रोजच्या मराठीत तर अशी वाक्ये पावलोपावली सापडतात. उंबऱ्याबाहेर पाय टाकताना आपण 'येतो' म्हणतो आणि समोरच्याला तो निघाल्याचे कळते. वास्तुशांतीत 'नारळ वाढवला' म्हणजे फोडला. रात्री 'दुकान वाढवले' म्हणजे बंद केले. 'भात वाढा' म्हणजे ताटात घाला, आणि मुलगा वाढतो तो उंचीने. ज्याला फक्त शब्दकोश दिला आहे, त्याच्यासाठी या सगळ्या वाक्यांत संख्या, आकार किंवा प्रमाण अधिक झाले आहे. फोडणे, बंद करणे हे शब्द शुभप्रसंगी नको, म्हणून लोकांनी उलट शब्द वापरला. त्यामुळे येथे शब्द आणि अर्थ एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत, आणि त्यांना जोडणारा दुवा घरातल्या रीतीत आहे.

कान ऐकतात, डोळे काय करतात?

१९७६ मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. ध्वनिफितीवर 'बा' असा उच्चार होता आणि पडद्यावरच्या चेहऱ्याचे ओठ मात्र 'गा' म्हणत होते. बहुसंख्य प्रौढांना ऐकू आले 'दा'. ना कानावरचे, ना डोळ्यासमोरचे, तिसरेच. डोळे मिटले की पुन्हा 'बा'. असे होते हे ठाऊक असूनही भ्रम टिकतो. करोनाच्या काळात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले, तेव्हा कमी ऐकू येणाऱ्यांची जी पंचाईत झाली, तिचे कारण यातच आहे. ती माणसे ओठांवरूनही ऐकत होती.

१९९५ मध्ये मायकेल टॅननहाउस आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या बाजूने हेच दाखवले. टेबलावर वस्तू मांडून लोकांना तोंडी सूचना दिल्या आणि त्यांची नजर कुठे जाते ते यंत्राने टिपले. इंग्रजी सूचनेत शब्दक्रमामुळे क्षणभर घोटाळा होत होता: सफरचंद रुमालावर ठेवायचे, की रुमालावर आधीच असलेले सफरचंद उचलायचे? टेबलावर एकच सफरचंद असले की लोकांची नजर मोकळ्या रुमालाकडे भटकायची. दोन सफरचंदे ठेवली, की ती थेट रुमालावरच्या सफरचंदावर जायची. वाक्य तेच, व्याकरण तेच. समोरच्या दृश्याने वाक्य ऐकता ऐकताच त्याचा अर्थ बदलला. आधी वाक्य समजते आणि मग ते जगाशी ताडून पाहिले जाते, ही आपली समजूत त्यामुळे डळमळीत झाली.

मात्र या विषयात मला सर्वांत बोलके वाटते ते जॉन गम्पर्झ यांनी १९८२ च्या पुस्तकात दिलेले उदाहरण. ब्रिटनमधील एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढपाच्या कामाला नव्याने लागल्या होत्या. त्या तुसड्या आहेत, अशी तक्रार होऊ लागली. गम्पर्झ यांनी ध्वनिमुद्रण तपासले. मांसाचा पदार्थ घेणाऱ्याला वर ग्रेव्ही हवी का, असे विचारायचे असे. ब्रिटिश वाढपी तो एकच शब्द शेवटी सूर चढवून उच्चारत, म्हणजे प्रश्न. या बायका तोच शब्द सूर उतरवून उच्चारत. त्यांच्या भाषांच्या सवयीने ती विचारणाच होती. ऐकणाऱ्याला मात्र ती 'ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या' अशी घोषणा वाटे. बायकांचेही म्हणणे होते, की आम्ही इतरांसारखेच बोलतो, तरी आम्हालाच बोल लावला जातो. ध्वनिमुद्रण दोन्ही बाजूंना ऐकवल्यावर गाठ सुटली. ते संभाषण कोणी कागदावर उतरवले असते तर दोन्ही बाजूंना तोच एक शब्द दिसला असता आणि भांडण कशावरून आहे हे कळलेच नसते.

मग '९३ टक्के संवाद देहबोलीतून' हे खरे का?

नाही. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत हमखास फळ्यावर येणारा हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांवरून आला. ते प्रयोग सुट्या शब्दांवर आणि आवड-नावड या भावनेपुरते होते. एसटीचे वेळापत्रक ९३ टक्के हातवाऱ्यांनी सांगून पाहा! शब्द, आवाज आणि दृश्य यांचे वाटे ठरलेले नसतात. काय बोलायचे आहे त्यावर ते बदलतात.

संगणकाला यातले किती जमले?

बरेच जमले आहे, हे आधी मान्य करायला हवे. २०१३ च्या सुमारास लोकप्रिय झालेल्या पद्धतीत प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक माळ दिली जाई. शेजारी येणाऱ्या शब्दांवरून ती ठरे. कल्पना चांगली होती, पण एका शब्दाला माळ एकच. 'वाढणे' नारळाशेजारी येवो की भाताशेजारी, माळ तीच. २०१७ मध्ये गुगलच्या संशोधकांनी मांडलेल्या 'ट्रान्सफॉर्मर' रचनेने ही अडचण बरीचशी दूर केली. या रचनेत प्रत्येक शब्द वाक्यातील इतर शब्दांकडे 'लक्ष' देतो आणि त्यानुसार त्याची माळ जागच्या जागी बदलते. नारळ शेजारी दिसला की 'वाढवला' फोडण्याकडे झुकतो. अर्थात, यंत्राच्या वाचनात अशी मराठी वाक्ये पुरेशी आली असतील तरच.

पुढची पायरी चित्रांची. २०२१ मध्ये ओपनएआयने इंटरनेटवरील ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर शिकवलेले 'क्लिप' हे प्रारूप जाहीर केले. चित्र आणि शब्द एकाच नकाशावर ठेवण्याची ती युक्ती आज तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यातून वस्तू ओळखणाऱ्या अनेक सोयींच्या मुळाशी आहे. आवाजाचे घोडे मात्र बराच काळ अडले होते. बोलणाऱ्या सहायकांत आधी बोलण्याचे लिखाण होई, मग त्या लिखाणाला लिखित उत्तर तयार होई आणि शेवटी ते वाचून दाखवले जाई. सूर पहिल्याच पायरीवर गळून पडे. मराठीत 'बरं' हा एक शब्द घ्या. होकार, नाराजी, धमकी, 'पुढे बोला' आणि 'पुरे आता', सगळे त्यात बसते आणि लेखी उतरले की उरते फक्त 'बरं'. मे २०२४ मध्ये ओपनएआयने आवाज थेट आवाज म्हणूनच घेणारे प्रारूप दाखवले. इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या आहेत.

फोनवरच्या मराठीची आणखी एक गंमत आहे, जी कधी कधी गंमत राहत नाही. आपल्यातले कितीतरी जण मराठी रोमन लिपीत टंकतात. त्या लिपीत कला, काळा आणि कळा हे तिन्ही शब्द त्याच चार अक्षरांत लिहिले जातात. चित्रांचे प्रदर्शन, शर्टाचा रंग आणि बाळंतपणाच्या वेदना! माणूस संदेश कोणाचा आहे हे पाहून क्षणात ओळखतो. ओळखण्यासाठी त्याला पाठवणारा ठाऊक असावा लागतो.

मोठी 'संदर्भ-खिडकी' म्हणजे संदर्भ कळणे का?

इथे एका शब्दाची गल्लत होते आहे आणि ती कंपन्यांच्या पथ्यावर पडते. यंत्र एका वेळी किती मजकूर नजरेसमोर ठेवू शकते, याला त्या व्यवसायात 'संदर्भ' म्हणतात. २०२४ मध्ये गुगलने ही मर्यादा दहा लाख शब्दखंडांपर्यंत नेली. जाडजूड ग्रंथ एका दमात आत जातो. पण सैंधव मागणाऱ्या धन्याचे ताट त्या दहा लाखांत नसेल, तर ते आणखी कोटभर वाढवूनही येणार नाही. भाषाशास्त्रातला संदर्भ म्हणजे बोलणारा कोण, ऐकणारा कोण, दोघांत काय घडून गेले आहे, आजूबाजूला कोण कान देऊन बसले आहे आणि कोणती गोष्ट इथे उघड बोलायची नसते, हे सारे. यातले बहुतेक कोणी लिहून ठेवत नाही, कारण संबंधितांना ते ठाऊकच असते. यंत्राचे शिक्षण मात्र मुख्यतः लिहून ठेवलेल्यावर होते. मला ही आजच्या यंत्रांची तात्पुरती उणीव वाटत नाही. लिखाणाच्या स्वभावातच ती आहे.

मग कॅमेरा लावून चेहराही दाखवला तर?

हा मोह मोठा आहे आणि त्यापासून सावध राहावे, असे माझे मत आहे. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार नाट्यशास्त्राने सांगितले. पण ते प्रशिक्षित नटासाठी आणि जाणत्या प्रेक्षकासाठी. ओठ हलले की भाव हसरा, भुवया जवळ आल्या की राग, असा कोश रस्त्यावरच्या माणसाला लावता येत नाही. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना खात्रीने ओळखता येतात याला पुरेसा आधार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपली मान आडवी-तिरकी डोलते, तेव्हा 'हो', 'बघू', 'कळले' किंवा 'तुम्ही म्हणता म्हणून' यांपैकी काय ते पाहुण्याला वर्षानुवर्षे उमगत नाही. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत यंत्राद्वारे भावना ओळखण्यावर फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे तेवढी वगळली आहेत.

चेहरा, आवाज, दृश्य यांतून यंत्राला अधिक काही मिळते, पण संदर्भ आपोआप मिळत नाही. चित्रालाही संदर्भ लागतोच. जवानाने पाठवलेला अंगठा चित्रच होता.

चुकले तर कोणाला भोगावे लागेल?

हॉटेलची टेबले आरक्षित करताना यंत्राने घोळ घातला तर जेवण उशिरा होईल. पण भाषेच्या बाबतीत गरजू तोच सर्वांत अडचणीत, असा उलटा हिशेब असतो. ज्याला प्रमाण भाषेत, लेखी आणि मुद्देसूद सांगता येते, त्याचे यंत्राशी चांगले जमते. ज्याचे बोलणे प्रसंगावर, सुरावर आणि समोरच्याच्या समजूतदारपणावर टेकलेले आहे, त्याला यंत्र पारखे होते.

आरोग्याचे घ्या. ग्रामीण मराठीत शरीराविषयी, त्यातही बायकांच्या शरीराविषयी, सरळ बोलण्याची रीत नाही. 'अंगावर' हा एक शब्द पाहा. ताप अंगावर काढला म्हणजे औषध न घेता सोसला. मूल अंगावर पिते म्हणजे आईचे दूध पिते. अंगावरून जाते म्हणजे पांढरे किंवा लाल जाते, आणि कोणते ते बाई आपणहून सांगत नाही. 'कावळा शिवला' म्हणजे पाळी आली. 'शिवणे' म्हणजे स्पर्शही आणि टाके घालणेही. 'दिवस गेले' म्हणजे काळ लोटला आणि 'दिवस गेलेत' म्हणजे गर्भ राहिला. आता 'सुनेला दिवस गेलेत, अंगावरून जातंय' असा निरोप कल्पून पाहा. सात शब्दांच्या आत गर्भारपण आणि कदाचित रक्तस्राव आहे. शब्दशः अनुवादात काही दिवस उलटले आणि शरीरावरून काहीतरी गेले. पुढचा सल्ला विश्रांतीचा मिळाला, तर दोष त्या सासूचा नाही.

हा निरोप आशाताईला मिळाला तर ती भाषाशास्त्र उगाळत बसत नाही. ती दोन प्रश्न विचारते: कितवा महिना, आणि लाल जातंय की पांढरं? पांढरे असेल तर ते अनेकदा साधे असू शकते, लाल असेल तर ती गाडी बोलावते. घरी गेल्यावर सून सासूसमोर 'बरं आहे' म्हणाली, तर ती सासूला चहा करायला पाठवते आणि मग पुन्हा विचारते. ज्या गोष्टी न बोलताच राहतात त्यांचे प्रमाण केवढे असते, हे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या गडचिरोलीतील अभ्यासाने १९८९ मध्येच दाखवले आहे. 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक काही ना काही आजार आढळले. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. त्या स्त्रिया आजपर्यंत जे कुणालाही मोकळेपणी बोलल्या नाहीत, ते लिखित मराठीवर वाढलेल्या यंत्राने कुठे वाचलेले असणार?

दुसरे क्षेत्र न्यायालयाचे. साक्षीदार कसा बोलला, याबाबतचे महत्त्वाचे निरीक्षण न्यायाधीशाने नोंदवावे, अशी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८० मध्ये होती आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आली आहे. नुसते शब्द पुरत नाहीत, हे कायद्याला ठाऊक आहे. आता सर्वोच्च न्यायालयाचे 'सुवास' हे अनुवाद सॉफ्टवेअर २०१९ पासून वापरात आहे आणि बोलणे थेट टंकणारी साधने न्यायालयांत येत आहेत. निकालपत्राच्या अनुवादाला माझा आक्षेप नाही. ते मुळातच लेखी आणि विस्ताराने लिहिलेले असते, आणि मराठी पक्षकाराला आपला निकाल आपल्या भाषेत वाचता येणे ही चांगलीच गोष्ट आहे. साक्षीचे मात्र वेगळे. उलटतपासणीत 'तुम्ही त्याला मारलं?' यावर 'हो, मीच मारलं!' हे उपरोधाने म्हटले की कबुलीने, हे टंकलेल्या ओळीत दिसत नाही. खालच्या न्यायालयातील ती ओळ वरच्या न्यायालयात जाते, तेव्हा उपरोध केव्हाच वाळून गेलेला असतो.

मग करायचे काय?

यंत्रे बाजूला सारा, असे माझे म्हणणे नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या 'भाषिणी' उपक्रमामुळे सरकारी सेवा भारतीय भाषांत आणण्याचा मार्ग खुला झाला. ज्यांना अर्ज भरता येत नाही, त्यांना बोलून काम होणे ही मोठी सोय आहे. हट्ट आहे तो वेगळ्या गोष्टीचा: मराठीत उत्तर देणाऱ्या यंत्राला आधी मराठीत उलट प्रश्न विचारता आला पाहिजे.

आज बहुतेक ठिकाणी यंत्राचे गुण मोजतात ते दिलेल्या वाक्याला बरोबर उत्तर आले का यावर. वाक्य अपुरे आहे हे यंत्राने ओळखले का, आणि नेमका कोणता प्रश्न विचारला, यावर गुण दिलेले क्वचितच दिसतात. मग यंत्र न विचारता अंदाज ठोकून मोकळे होते, कारण शिकवणीत अंदाजालाच बक्षीस मिळते. शासनाने आरोग्य, पोलीस, शेती यांसाठी अशा सेवा विकत घेताना निविदेतच ही चाचणी घालावी. 'अंगावरून जातंय' असे शंभर अपुरे निरोप आशाताईंकडून आणि परिचारिकांकडून जमवावेत आणि किती वेळा लाल की पांढरे हे विचारले गेले ते मोजावे. यावर आक्षेप असा, की सारखे प्रश्न विचारणारे यंत्र लोक बंद करून टाकतात. खरे आहे. म्हणून प्रश्न दोन असावेत, वीस नकोत, आणि त्यानंतरही उमगले नाही तर फोन माणसाकडे जावा.

दुसरी गोष्ट मूळ आवाजाची. ज्या टंकलेल्या मजकुरावरून कोणाची नोकरी, जामीन किंवा अनुदान ठरणार आहे, त्याच्याबरोबर ध्वनिमुद्रणही जपले पाहिजे आणि संबंधिताला ते मागता आले पाहिजे. यात एक खरी अडचण आहे. आवाज आणि चेहरा ही अतिशय खासगी माहिती, आणि जितकी साठवू तितकी फुटण्याची भीती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीची चौकट दिली आहे, पण दवाखान्याच्या रांगेत घेतलेली संमती कितपत मोकळी असते, हे वाचकांना सांगायला नको. निर्णयाला आव्हान देण्याची मुदत संपेपर्यंत जपावे आणि मग नष्ट करावे, हा मला त्यातल्या त्यात बरा मार्ग दिसतो.

तिसरी गोष्ट शिकवणीच्या साहित्याची, आणि इथे चांगले काम सुरू झाले आहे. बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेचा 'वाणी' प्रकल्प जिल्ह्याजिल्ह्यातील लोकांना चित्रे दाखवतो आणि त्यांच्या बोलीत ती वर्णन करायला सांगतो. आयआयटी मद्रासमधील 'एआयफॉरभारत' गटाने २२ भारतीय भाषांतील हजारो तासांचे बोलणे जमवले, त्यात नुसते वाचन नाही तर उत्स्फूर्त बोलणे आणि आपसातले संभाषणही आहे. गडचिरोलीच्या 'येऊन राहिलो'ला आणि मालवणी हेलाला यंत्राच्या कानात जागा मिळेल ती अशाच कामातून. मात्र चित्राचे वर्णन करणारी बाई अनोळखी कार्यकर्त्याशी बोलते आहे. तीच बाई नणंदेशी, सावकाराशी, तलाठ्याशी आणि नातवाशी चार वेगळ्या मराठी बोलते. कोण कोणाशी बोलतो आहे, ही साधी नोंद प्रत्येक मुद्रणाबरोबर, नावे गाळून, ठेवली तर तिचा उपयोग आणखी हजार तासांच्या वाचनापेक्षा अधिक होईल. मराठी विद्यापीठांच्या भाषाविभागांना हे काम आजच्या मनुष्यबळात जमण्यासारखे आहे. त्यासाठी लागतात क्षेत्रकार्य करणारे विद्यार्थी, एक फोन आणि लोकांशी बोलायला लागणारा वेळ.

हे होईपर्यंत फोनशी बोलताना वाचकांनी थोडी काळजी घेतलेली बरी. आजारपणाचे विचारायचे असेल तर देवनागरीत लिहावे. वय, नाते, किती दिवसांपासून आणि काय दिसते ते आपणहून सांगावे. सूचक शब्द टाळून रक्त, गर्भ, लघवी हे शब्द उघड लिहावेत. यंत्रासमोर भीड बाळगून उपयोग नाही. उत्तर आल्यावर 'मी काय विचारले ते तुझ्या शब्दांत सांग' असे त्यालाच विचारावे. गर्भवतीला रक्त जात असेल तर मात्र यातले काहीही न करता १०८ लावावा.